कॉटन ग्रीनची अळंबी

आईनं अळंबीचा कच्चा तुकडा कासाबाईच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "खा." आईच्या डाव्या खांद्यावर बेबी होती, माझी धाकटी बहीण, चार वर्षांची. तिची मान आईच्या पाठीवर लोंबत होती आणि तोंडातून पिवळं पाणी लुगड्यावर गळत होतं. कासाबाई आमच्या चाळीच्या चौकात उभी होती. तिला बाजारातून दंडाला धरून आणलं होतं आणि तिची भाजीची पाटी कुणीतरी जिन्यापाशी उलटी केली होती. भोवती पंधरा-वीस पुरुष, वर तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांत बायका. पहिल्या मजल्यावरचा बाळू परब ओरडत होता, "खा की! चार माणसं मरायला घातलीस, आता स्वतः खाऊन दाखव!" अळंबी कासाबाईनं दिलेली नाही, हे त्या सगळ्या चाळीत एकाच माणसाला ठाऊक होतं. मला. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते आणि गप्प होते.

आमची खोली लालबागला, तिसऱ्या मजल्यावर, संडासापासून दुसरी. वडील मी सात वर्षांची असतानाच गेले. गिरणीच्या खात्यातला कापूस छातीत बसला, असं सगळे म्हणायचे. मग आईनं खाणावळ धरली. गावची चार माणसं आमच्याकडे जेवायची. राहायची खाली गाववाल्यांच्या खोलीत, जिथं पंधरा ट्रंका आणि पंधरा वळकट्या होत्या, आणि जेवायला वर. त्यातले ढाकूकाका सगळ्यांत मोठे, साठीला आलेले, पोटाचं दुखणं घेऊन हिंडणारे. दोघे सावंत भाऊ होते, ते एकमेकांशी बोलत नसत पण एकाच ताटाशेजारी बसत. आणि विश्राम, नुकताच गावाहून आलेला, अजून पायऱ्या मोजत चढायचा. चौथी झाल्यावर आईनं माझं नाव शाळेतून काढलं. मी रडले-बिडले नाही. घरात हात कमी होते आणि मला दोन हात होते, एवढीच गोष्ट.

आठवडा कसा जायचा ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गिरणीच्या पाळ्या बदलायच्या तसं आमचं घड्याळ बदलायचं. एक सावंत पहिल्या पाळीला, दुसरा दुसऱ्या, विश्राम बदली कामगार, त्याचा नेम नाही. चूल म्हणून विझायची नाही. मी पहाटे पाणी भरायचं, तांदूळ निवडायचे, नारळ खोवायचा, वाटण वाटायचं, डबे पोचवायचे, बेबीला काखेत घेऊन हे सगळं करायचं. पाट्यावर वाटण वाटताना बेबी समोर बसून वाटणाचा गोळा कधी होतो ते बघत राहायची आणि गोळा झाला की टाळ्या वाजवायची. रोज. तिला कंटाळा म्हणून यायचा नाही. ह्या सगळ्यात माझा स्वतःचा म्हणून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. रस्त्यात, बाजारात, गिरणीच्या भिंतीशी जे सापडेल ते मी त्यात ठेवायची. त्यात गिरणीतली सूत गुंडाळायची तुटकी लाकडी कांडी होती, माझगावच्या चर्चजवळ सापडलेलं जहाजाच्या नांगराचं चित्र असलेलं पितळी बटण होतं, निळ्या काचेचा घासून गुळगुळीत झालेला तुकडा होता. घोळ माशाच्या डोक्यात दोन पांढरे खडे निघतात, शंखासारखे. ते ढाकूकाका चोखून पुसून माझ्या हातावर ठेवायचे. "घे गो, तुझो दागिनो," म्हणायचे. त्या वयात मला कुणी विचारलं असतं की तू सुखी आहेस का, तर मी डबा उघडून दाखवला असता. आता माझ्या सुनेच्या कपाटात काय काय आहे, पण तिला काही सापडलेलं मी कधी ऐकलं नाही. ती सगळं मागवते.

शनिवारी मला दळण घेऊन चक्कीवर पाठवायचे. चक्की काळाचौकीच्या पुढे, कॉटन ग्रीनच्या वाटेवर. जवळ दुसऱ्या चक्क्या होत्या, पण आईला तिथलंच पीठ हवं असायचं, बारीक. नंबर लागायला तास जायचा. त्या तासात मी गोदामांच्या मागे पळायची. तिथं जायला मला सक्त बंदी होती. रेल्वेचे मालडबे उभे असायचे, पहारेकरी असायचे, आणि मुलीच्या जातीनं तिथं काय करायचं, असं आईचं म्हणणं. पण तिथं सापडायचं फार. कापसाचे पुंजके, गाठींवरच्या लोखंडी पट्ट्या, पोत्यांवरची शिक्क्याची अक्षरं.

श्रावण चालू होता. आमच्या पंगतीला श्रावण म्हणजे शिक्षा. मासळी नाही, मटण नाही, आणि रविवारी गिरणीला सुट्टी, म्हणजे सगळे एकदम जेवायला आणि समोर वरण-भात नि भाजी. आदल्या रविवारी धाकट्या सावंतानं ताटाकडे बघून विचारलं होतं, "वैनी, आज कोणाचा तेरावा?" सगळे हसले. आईही वरवर हसली, "श्रावण आसा. कोंबडी घालूक सांगतास काय माका?" पण ताटं उचलताना तिचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. आईला कुणी जेवणावरून बोललेलं चालायचं नाही. दुसरं तिच्याकडे होतं काय? त्या आठवड्यात मी एकच गोष्ट मनात धरून होते की रविवारी ताटात असं काही पडलं पाहिजे की सावंतांनी बोटं चाटली पाहिजेत.

आणि त्या शनिवारी गोदामामागे मला अळंबी दिसली. कोकणातल्या माणसाला अळंबी म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. श्रावणात चालणारं ते मटणच. मी पाच-सहा वर्षांची असताना गावी आजीबरोबर वारुळावर जायची. आजी हातानं माती उकरून मुळीसकट अळंबी काढायची. गोदामाच्या भिंतीशी मातीचा उंचवटा होता, गवत वाढलेलं, आणि त्यावर छत्र्याच छत्र्या, पांढऱ्या, मोठ्या, वर तपकिरी खवले. मला ते वारूळच वाटलं. ते वारूळ नव्हतं. गाड्यांच्या घोड्यांची लीद आणि झाडलोट टाकून झालेला उकिरडा होता तो. मला अकरा वर्षं झाली होती आणि आजीबरोबरच्या चार सकाळींवर मी अळंबी ओळखायला निघाले होते. मी ओच्यात भरून घेतली. प्रत्येक देठाला मधोमध एक बांगडी होती, पातळ कातड्याची, वर-खाली सरकणारी. अशी गंमत मी आधी पाहिली नव्हती. चक्कीच्या बाकावर बसून मी एकेक बांगडी हलकेच खाली सरकवून काढली, सतरा निघाल्या, आणि घरी आल्यावर डब्यात ठेवल्या. खाण्याच्या अळंबीला अशी सुटी बांगडी नसते, हे आईला चांगलं ठाऊक होतं. एक जरी बांगडी देठावर राहिली असती तर आईनं ती अळंबी खिडकीतून फेकली असती आणि हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

रात्रभर ती ओल्या फडक्यात खाटेखाली ठेवली. रविवारी सकाळी आईनं मला बाजारात कासाबाईकडून कंटोळी आणायला धाडलं. कासाबाई पनवेलकडच्या डोंगरातली, श्रावणात पाटी घेऊन यायची. टाकळा, भारंगी, कंटोळी, आणि कधी नशीब असेल तर पानात बांधलेली अळंबी. आई मुंबईत तिच्याशिवाय कुणाच्या हातची रानभाजी घ्यायची नाही. मी जाताना फडकं पिशवीत घातलं, वाटेत अळंबी पानात बांधली आणि कंटोळ्यांबरोबर आईपुढे ठेवली.

"ही गे खंय गावली?"

"कासाबाईन दिल्यान. तुका दी म्हणाली."

आईचं तोंड उजळलं. मग तिनं एक उचलून बघितली. "मुळी खंय गेली?"

"तोडून दिल्यान."

"आणि पोटात हिरवट कशान?"

"पानाचो रंग लागलो."

तीन वेळा विचारलं, तीन वेळा मी सांगितलं. तरी आईनं कढईत लसणीची पाकळी टाकली. अळंबी विषारी असली तर लसूण काळी पडते, असं आमच्याकडे समजत. लसूण पांढरी राहिली. ती नेहमीच पांढरी राहते, हे मला त्या दिवसापासून माहीत आहे. कुणी तुम्हाला लसणीची परीक्षा सांगितली तर त्याला माझं नाव सांगा.

वाटण कांदा-खोबऱ्याचं, भाजून काळं केलेलं, वर गरम मसाला. वास दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. बाराला पंगत बसली. ढाकूकाका जिन्यातूनच ओरडत आले, "वैनी, कोणाचो कोंबडो चोरलास?" आई वाढत गेली. सावंत भाऊ बोटं चाटत होते. थोरल्यानं आपल्या ताटातला शेवटचा तुकडा धाकट्याच्या ताटात सरकवला, हे मी डोळ्यांनी बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. ढाकूकाकांचा आदल्या दिवशी शनिवारचा उपास झाला होता, ते तीनदा मागून जेवले. बेबी त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्याच ताटातलं खात होती. मी भाकऱ्या भाजत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. खोटं का बोलावं, तो माझ्या आयुष्यातला फार चांगला तास होता.

दीडच्या सुमाराला बेबीनं पहिली उलटी केली. पोरं करतात, म्हणून आईनं पुसलं. मग खाली गाववाल्यांच्या खोलीतून आरडाओरडा झाला. विश्राम मोरीपर्यंत पोचला नव्हता. थोरला सावंत संडासाच्या दारात बसून राहिला, उठेना. ढाकूकाका पोट धरून जमिनीवर आडवे, घामानं बनियन भिजलेलं, आणि तरी धाकट्या सावंताला म्हणत होते, "तू आधी जा रे, माझा थांबता." पावणेतीनला टॅक्सीत चौघांना कोंबून परळच्या हॉस्पिटलात पाठवलं. बेबी तोवर बरी वाटत होती. टॅक्सी गेली आणि तिनं मान टाकली. दुसरी टॅक्सी आणायला माणूस धावला. "काय खाल्लं?" शेजाऱ्यांनी विचारलं. "अळंबी." "कुणाची?" आई म्हणाली, "कासाबाईची." आणि बाळू परब चार जणांना घेऊन बाजाराकडे सुटला.

तर कासाबाई चौकात उभी होती आणि आईनं म्हटलं, "खा."

तिनं तुकडा हातात घेतला. खाल्ला नाही, उलटा केला, वास घेतला. "माये, ही माजी नाय," ती म्हणाली. "बघ ना, पोटात हिरवी झालीया. ही डोंगरातली नाय. कुठल्या उकिरड्यावरली हाय ही."

"माझ्या चेडवान तुझ्याकडसून आणल्यान!" आईचा आवाज फाटला होता. "ती खोटा बोलता काय?"

"म्या कंटोळी दिली फकस्त. इचार तिला."

कुणीही मला विचारलं नाही. बाळू परबानं हात उगारला. "नाटकं करू नकोस. तुझी नाही तर खायला काय जातंय? खा, नाय तर इथंच सोलतो." कुणीतरी मागून तिला ढकललं. कासाबाईनं सगळ्यांकडे बघितलं. तिच्या चोळीवर दुधाचे डाग होते, पाजायची वेळ टळून गेलेली. "घरी पोर हाय अंगावरचं," ती म्हणाली, पण कुणाला सांगत होती कोण जाणे. मग तिनं तो तुकडा तोंडाकडे नेला.

लोक मला नंतर म्हणायचे, एवढीशी पोर पण खरं बोलली. तसं काही नव्हतं. मी सकाळपासून बोलू शकले असते. चौघे टॅक्सीत चढत होते तेव्हा बोलू शकले असते. बेबीनं मान टाकली तेव्हाही माझ्या मनात पहिलं हेच आलं की आता आईला कळलं तर ती मला मारून टाकेल. मी बोलले ती त्या बाईच्या दातांना तुकडा लागायला दोन बोटं उरली होती म्हणून, आणि त्याच्या आत मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

"मी आणली," मी ओरडले. "कॉटन ग्रीनच्या गोदामामागून. मीच आणली."

कासाबाईनं तुकडा फेकला, थुंकली आणि पदरानं जीभ पुसली. बाळू परब म्हणाला, "आयला," आणि त्याचा वर गेलेला हात त्याला कुठं ठेवावा कळेना. आईनं मला मारलं नाही. मी वाट बघत होते. ती माझ्याजवळ आली, मनगट धरलं आणि म्हणाली, "आणखी काय लपवलंस?" मी खोलीत जाऊन डबा आणला. बांगड्या रात्रीत सुकून दोऱ्यासारख्या झाल्या होत्या. आईनं त्या पाहिल्या आणि तिच्या घशातून एक आवाज आला, तो मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही, वडील गेले तेव्हासुद्धा ऐकला नव्हता. तेवढ्यात टॅक्सी आली. आम्ही डबा घेऊन निघालो तेव्हा कासाबाई जिन्यापाशी ओणवी होऊन आपली कंटोळी वेचत होती, आणि माणसं तिला वळसा घालून वर चालली होती.

हॉस्पिटलात डॉक्टर तरुण होता, डोळे लाल, दोन दिवस झोपला नसावा. त्यानं बेबीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसली नाही. "पाणी संपलंय अंगातलं," तो म्हणाला. हाताला शीर मिळेना, पायाला मिळेना. नर्सनं बेबीला दाबून धरलं होतं पण दाबायची गरज नव्हती, बेबी रडतच नव्हती. तिसऱ्यांदा घोट्यापाशी सुई गेली आणि बाटलीतला थेंब पडायला लागला. मग डॉक्टर माझ्याकडे वळला.

"तू आणलीस? नीट सांग. तिथं गोदामात उंदराचं औषध टाकलेलं असतं का?"

"माहीत नाही."

"पावडर दिसली कुठं? पांढरी, गुलाबी?"

"नाही."

"खोटं बोललीस तर मी चुकीचं औषध देईन. कळतंय?"

"खोटं बोलत नाय," मी म्हटलं. आई शेजारी होती. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानं बांगड्या उजेडात धरल्या, जेवण किती वाजता, उलटी किती वाजता ते विचारलं. दीड तासात उलट्या सुरू झाल्या हे बरं आहे, म्हणाला. जी अळंबी दुसऱ्या दिवशी पोट बिघडवते ती माणूस सोडत नाही. ही बहुतेक सोडते. "बहुतेक" हा शब्द मी त्या दिवशी शिकले. शाळेत तो झाला असेल, पण शिकले तिथं.

हल्ली माझी नात प्लास्टिकच्या डबीतलं मशरूम आणून सूप करते. आजी तुला चालेल ना, म्हणून घाबरत विचारते, कारण तिच्या आईनं तिला काहीतरी सांगून ठेवलंय. मी खाते. बरं लागतं. मीठ कमी असतं. न खाऊन मी कुणाचं भलं करणार आहे?

मोठ्यांच्या वॉर्डात संध्याकाळी मला सोडलं. सावंत भाऊ शेजारशेजारच्या खाटांवर, एकमेकांकडे तोंड करून. विश्राम भिंतीकडे वळून रडत होता, त्याला गावी जायचं होतं. ढाकूकाकांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांच्या उलटीत रक्त आलं होतं, जुनं दुखणं फुटलं, असं नर्स म्हणाली. त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"खंय गावली गो तुका?"

"कॉटन ग्रीनाक. गोदामामागे."

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "लागाक बरी होती," म्हणाले. "वैनीक सांग. वाटण एक नंबर झाला होता."

मी आईला सांगितलं नाही. तिनं मला दोन महिने हाक मारली नाही, कामं सांगायची ती बेबीच्या नावानं हवेत सांगायची. आठवडाभर खाणावळ बंद होती, मग सुरू झाली. पण त्या दिवसापासून ताटं वाढली की आई दारात उभी राहून प्रत्येक पदार्थातला पहिला घास स्वतः खायची, आणि थोडा वेळ तशीच थांबायची. भात निवायचा. मरेपर्यंत तिनं ते सोडलं नाही, माझ्या लग्नातही मांडवात उभं राहून केलं. कासाबाईकडे ती एकटीच गेली होती, एका सकाळी. काय बोलली मला माहीत नाही. कासाबाई पुढं कितीतरी श्रावण बाजारात बसत होती आणि आईला टाकळा देत होती. मी गेले की पाटीवर फडकं ओढायची आणि म्हणायची, "आयेला धाड."

त्या पंगतीला पाच जण जेवले होते. आई आणि मी पुरुषांचं झाल्यावर बसणार होतो, आमचं राहूनच गेलं. सावंत भाऊ वाचले, दोघेही. विश्राम वाचला, तो गावी गेला आणि परत मुंबईला आला नाही. बेबी चौथ्या दिवशी घरी आली. ती आता वडाळ्याला असते, गुडघे धरून चालते. ढाकूकाका मंगळवारी सकाळी गेले.